फोडणीचा ठसका आणि बाबांचा खोकला

बाबांना अतिदक्षता विभागातून घरी आणून तीन महिने होत आले होते. फ्लूतून उद्भवलेला न्यूमोनिया, बारा दिवस व्हेंटिलेटर, नंतर आठवडाभर ऑक्सिजन. आता छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, रक्तातला ऑक्सिजन ९७. तरी सांगलीहून व्हिडिओ कॉल लागला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला खोकला सुरू. इकडे एडिंबरात मी फोन धरून गप्प, तिकडे आई पाण्याचा पेला घेऊन उभी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे घडलं असेल. आवाज ऐकू येतो, पाठीवर हात फिरवता येत नाही.

"फोटो चांगला आलाय म्हणतात, मग खोकला कशाचा?" आई विचारायची. प्रश्न अगदी रास्त होता. मी मज्जापेशींच्या आवरणातल्या प्रथिनांवर काम करते, त्यामुळे उत्तराचा एक तुकडा माझ्या रोजच्या कामातलाच होता. पण तो नीट जुळवायला मलाही वेळ लागला, कारण बाबांना एक नाही, दोन खोकले झाले होते. आणि दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट होते.

पहिला खोकला घरी आल्यावर लगेचचा. तो खरं तर खोकला नव्हताच, नुसतं खाकरणं होतं. खोकायचं म्हणजे आधी खोल श्वास घ्यायचा, मग स्वरतंतू घट्ट मिटायचे, पोटाच्या आणि छातीच्या स्नायूंनी आत दाब वाढवायचा आणि दार एकदम उघडायचं. निरोगी माणसाच्या खोकल्यात हवा मिनिटाला ४०० लिटरपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडते. हा वेग १६०च्या खाली गेला की कफ जागचा हलत नाही. व्हेंटिलेटरची नळी नेमकी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणजे ते दार इतके दिवस उघडंच राहतं. नळी काढल्यावरही ते सुजलेलं असतं. शिवाय स्नायू. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांड्या मोजल्या, तर दहा दिवसांत तिथला स्नायू सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटलेला होता. मांडीची ही गत, तर पोटाच्या आणि छातीच्या स्नायूंनी जोर कुठून आणायचा?

शेजारच्या काकूंनी त्याच दिवसांत खोकला दाबणारं औषध आणून दिलं होतं. प्रेमाने दिलं होतं, पण ओल्या, अशक्त खोकल्याला दाबणं म्हणजे कचरा आत ठेवून दार लावणं. डॉक्टरांना विचारून ते बंद केलं. फिजिओथेरपिस्टने बाबांना घसा उघडा ठेवून, तोंडाने 'हाऽऽ' करत जोरात श्वास सोडायला शिकवलं. आपण चष्म्याची काच पुसायला वाफ सोडतो ना, तसा. खोकण्यापेक्षा याला कष्ट कमी पडतात आणि कफ वर सरकतो. महिन्याभरात कफ संपला.

मग सुरू झाला दुसरा खोकला. कोरडा, घशात गवताची काडी फिरल्यासारखा. बोलताना, हसताना, उदबत्ती लावली की, पंख्याचा वारा तोंडावर आला की. आणि आईने फोडणी टाकली की हमखास.

फोडणीचा ठसका तसा कोणालाही लागतो. तापलेल्या तेलात मिरची पडली की तिच्यातलं कॅप्सायसिन हवेत उडतं आणि स्वरयंत्रातल्या, श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एका प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनाचं नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ साली शोधलं, आणि २०२१च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. हेच प्रथिन साधारण ४३ अंशांवरच्या उष्णतेनेही उघडतं, म्हणून मिरची आपल्याला 'जळजळीत' लागते. ते उघडलं की व्हेगस मज्जातंतूतून मेंदूच्या बुडाशी संदेश जातो आणि आपण खोकतो. खोकल्याच्या प्रयोगशाळांत माणसांना कॅप्सायसिनचे तुषार वाढत्या प्रमाणात हुंगायला देतात आणि किती प्रमाणाला खोकला येतो ते मोजतात. आमच्या आजीने ही चाचणी रोज सकाळी फुकटात घेतली असती.

मोठ्या संसर्गानंतर आणि नळीच्या घर्षणानंतर हे मज्जातंतू हळवे होऊन बसतात. जखम भरते, सूज उतरते, पण सावधपणा उतरत नाही. निरोगी माणसाला जितक्या मिरचीने ठसका लागतो, त्याच्या कितीतरी कमी मात्रा त्यांना पुरते. पुढे पुढे तर मिरचीच काय, गार हवाही पुरते. एक्स-रेमध्ये हे दिसणार कसं? तिथे फुप्फुस दिसतं, मज्जातंतूचा स्वभाव नाही.

पण हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं, आणि इथे मला जरा कडकपणे बोलायचं आहे. आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे आधी क्षयाची तपासणी, मग बाकी सगळं. अतिदक्षता विभागात स्टेरॉइड दिलेली असतील तर अधिकच. पाणी पिताना किंवा जेवताना खोकला येत असेल, नंतर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा येत असेल, तर घास चुकून श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता असते. गिळण्याची तपासणी करून घ्यावी. आणि सर्वात फसवी गोष्ट म्हणजे श्वास आत घेताना येणारा शिट्टीसारखा किंवा घरघरणारा आवाज. नळीच्या टोकाशी हवेचा छोटा फुगा असतो. त्याच्या दाबाने श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा कमी झाला, तर तिथे व्रण पडतो आणि तो भरताना वाट अरुंद होत जाते. हे कळायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. अशा रुग्णांना दमा समजून पंप दिला जातो, पंपाने काही फरक पडत नाही, आणि दिवस वाया जातात. असा आवाज ऐकू आला तर "हे व्हेंटिलेटरवर होते" हे वाक्य डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगा. श्वास लागत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बाबांच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही. निघाली ती एक गोळी. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोठा करून वाचताना मला रक्तदाबासाठी सुरू केलेलं रॅमिप्रिल दिसलं. या जातीच्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन साठतं आणि तेच मज्जातंतूंना आणखी हळवं करतं. बऱ्याच जणांना त्यामुळे कोरडा खोकला लागतो. डॉक्टरांनी ती बदलून टेल्मिसार्टन दिलं. (गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, हे बाबांना तीनदा सांगावं लागलं.) असा खोकला जायला काही आठवडे जातात. खोकला कमी झाला, थांबला नाही.

उरलेल्यावर कामी आली स्पीच थेरपिस्ट. तिने बाबांना शिकवलं ते ऐकायला फारच साधं वाटतं. काडी फिरायला लागली की तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा एक घोट घ्यायचा, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सोडायचा. खोकून घसा आणखी सोलवटतो, सोलवटला की आणखी खोकला येतो. हे चक्र एका जागी तोडायचं. मला स्वतःला आधी खरं वाटलं नव्हतं. पण ऑस्ट्रेलियात २००६ साली, औषधांना न बधणारा जुनाट खोकला असलेल्या ८७ जणांवर याची रीतसर चाचणी झाली होती आणि नुसता आरोग्याचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा हे शिकलेल्यांचा खोकला बराच जास्त कमी झाला होता. ते अतिदक्षता विभागातून आलेले रुग्ण नव्हते, हे खरं; पण हळव्या झालेल्या मज्जातंतूंचा प्रश्न बऱ्याच अंशी तोच.

नवी औषधंही येत आहेत. अशा मज्जातंतूंवरच्या दुसऱ्या एका प्रथिनाला अडवणारं जेफापिक्संट जपानने २०२२ साली मंजूर केलं, अमेरिकेने नाकारलं. त्याचा मुख्य त्रास म्हणजे तोंडाची चव जाते. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खोकला राहू दे मग."

परवाच्या रविवारी ते अठरा मिनिटं बोलले. द्राक्षांचा भाव, नळाचं पाणी, चुलतभावाचं घर. दोनदा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा बोलू लागले. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, फोडणी टाकतेय!" आणि ते फोन घेऊन गॅलरीत गेले.