आरोग्यविमा, परदेशी संशोधकांचा

अध्ययन, अध्यापन वा संशोधन यांसाठी मर्यादित काळ परदेशी राहणाऱ्या व्यक्तीस आजारपण, अपघात वा मृत्यू यांमुळे उद्‌भवणाऱ्या खर्चापासून संरक्षण देणारा विमा. सार्वजनिक आरोग्ययोजना सामान्यतः त्या त्या देशाच्या रहिवाशांपुरत्या असतात आणि मायदेशातील संरक्षण सीमेपलीकडे बहुधा लागू होत नाही. ही उणीव भरून काढणे, हा या विम्याचा उद्देश होय.

अशा विमापत्रात रुग्णालयीन उपचार, रुग्णास सुसज्ज ठिकाणी वा मायदेशी हलविणे आणि मृत्यू ओढवल्यास पार्थिव स्वदेशी पाठविणे, यांचा खर्च सामान्यपणे अंतर्भूत असतो. विमा घेण्यापूर्वीचे विकार पुष्कळदा वगळलेले असतात. अमेरिकेत ‘जे-१’ व्हिसावर जाणाऱ्या अभ्यासकास प्रत्येक आजारासाठी वा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलर, रुग्णवहनासाठी ५०,००० डॉलर व पार्थिव पाठविण्यासाठी २५,००० डॉलर इतके संरक्षण बंधनकारक आहे.

भारतात वैयक्तिक आरोग्यविम्यास १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मेडिक्लेम’ योजनेमुळे चालना मिळाली. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील रहिवाशांसाठी असल्याने परदेशी पाहुण्यास तिचा आधार नसतो. तथापि तातडीच्या प्रसंगी जीव वाचविणे हे सरकारी वा खाजगी प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (१९८९) दिला.

सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या शहरी हा प्रश्न अधिक व्यावहारिक ठरतो. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६३), विद्यापीठ (२००४) व राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र (२००५) आहे. पुणे मात्र सुमारे २५० किमी. दूर आहे. सामान्यतः विमा कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयातच रोख रक्कम न भरता उपचार मिळतात. अन्यत्र रुग्णास बहुधा आधी स्वतः पैसे भरून, बिले व वैद्यकीय कागदपत्रे सादर करून भरपाई मागावी लागते. म्हणून शहरातील कोणते रुग्णालय विमापत्रात मान्य आहे आणि रुग्णवहनाचा खर्च त्यात समाविष्ट आहे काय, हे संशोधकाने व यजमान संस्थेने आगमनापूर्वीच पाहणे इष्ट असते.

परभूमीवरील आजारपणाचे गांभीर्य सोलापूरला अपरिचित नाही. येथील डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) हे १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथे सेवा करीत असताना अपस्माराच्या विकाराने ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आधी तेथे कार्य करणारे कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथून हे शस्त्रक्रियेच्या वेळी बोटास झालेल्या जखमेतून रक्तात विषार पसरून १९३९ मध्ये मरण पावले. इतरांवर उपचार करणाऱ्या या दोघांनाही मायदेशी परतता आले नाही.