रडीचा डाव : जालावरील सामूहिक खेळांतील लबाडीची मीमांसा

खेळात लबाडी करणारा नियम मोडतो. परंतु ते नाकारीत नाही. योहान हुइझिंगा याने १९३८ साली दाखविल्याप्रमाणे खेळ उधळणारा निराळा आणि खेळण्याचे सोंग करणारा लबाड निराळा. लबाडास विजयाचा मान हवा असतो. म्हणून इतरांनी नियम पाळणे त्यास आवश्यकच वाटते.

बारामती-इंदापूरकडील एखाद्या गावी कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम तुटला, तर ते साऱ्यांच्या कानी पडते; रडीचा डाव खेळणाऱ्यास उद्या त्याच गड्यांना तोंड दाखवावयाचे असते. जालावरील खेळात प्रतिस्पर्धी म्हणजे केवळ एक टोपणनाव. शिवाय खेळाच्या गणिताचा काही भाग खेळाडूच्याच मोबाइलवर चालतो. त्यामुळे आपोआप नेम साधणारी किंवा भिंतीआडचा शत्रू दाखविणारी आज्ञावली तेथे घुसविता येते.

तथापि यातून संधीचा उलगडा होतो, हेतूचा नव्हे. मिया कॉन्सॅल्व्हो यांनी २००७ साली खेळात अडून पडणे, कंटाळा, सर्वसत्तेची हौस व इतरांस छळण्याचा आनंद हे हेतू नोंदविले. ‘स्टीम’वरील खेळाडूंच्या मैत्रीसंबंधांचा २०१२ सालचा अभ्यास आणखी पुढे जातो : ज्याच्या मित्रांत लबाड अधिक, तो स्वतः लबाड ठरण्याचा संभव अधिक. मैदानावर आवर घालणारी संगतच येथे लबाडी शिकविते.

इंदापूर तालुक्यात बेलवाडीस तुकोबांच्या पालखीच्या रिंगणात अश्व धावतात, वारकरी फुगड्या घालतात. तेथे जयपराजय नाही, म्हणून लबाडीसही स्थान नाही. जेथे जयाचा मान आहे, तेथे मात्र केवळ खाती बंद करून भागत नाही. संगतीची लाजच पुन्हा निर्माण व्हावी लागते.