बॅटरीचा डबा आणि पाण्याचा दाब

आमच्या महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थ्याने मागच्या वर्षी आपल्या प्रकल्पाचा मराठी गोषवारा तपासायला आणून दिला. विहिरीत उतरून तळाचे चित्रण करणारे छोटे यंत्र घरीच तयार करायचे, असा तो प्रकल्प. त्यात एका परिच्छेदाला शीर्षक होते ‘बॅटरी गृहनिर्माण’. इंग्रजी ‘हाउसिंग’चे हे भाषांतर मोबाइलने केले होते. मला हसू आले, पण त्या जागी काय लिहावे हे मलाही चटकन सुचेना. कवच, आवरण की डबा? प्रत्येक शब्द वेगळीच वस्तू डोळ्यांपुढे आणतो. ती वस्तू नेमके काय काम करते हे कळल्याशिवाय शब्द ठरणार नव्हता. म्हणून साहित्याचा प्राध्यापक असूनही मी या विषयात शिरलो.

पाण्यात दर 10 मीटर खोलीला दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोने वाढतो. आकडा किरकोळ वाटतो. पण डब्याचे झाकण 20 सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर 10 मीटरवर त्यावर तीन क्विंटलांहून अधिक भार येतो. जेवणाच्या डब्याचे सपाट झाकण तिथे आत वाकते आणि कडेने पाणी शिरते. गोल नळी हाच भार चांगला पेलते, आणि पोकळ गोळा त्याहूनही चांगला. म्हणजे द्रव्याच्या आधी आकार ठरवावा लागतो.

आपल्याकडे पहिली नजर जाते ती पीव्हीसी पाइपवर. तो स्वस्त, कुठेही मिळणारा आणि न गंजणारा. त्यावर ‘6 किलो’ असा दाब छापलेलाही असतो. विद्यार्थ्याने हिशेब केला होता की 6 किलो म्हणजे 60 मीटर, आपली विहीर तर 12 मीटरची. इथेच तो चुकला, आणि ही चूक मला माझ्या ओळखीची वाटली, कारण ती संदर्भ सोडून वाचण्याची चूक आहे. छापलेला आकडा आतून बाहेर ढकलणाऱ्या पाण्याचा असतो. बाहेरून दाब आला की पाइप फाटत नाही, तो एका बाजूने चेपतो आणि मग एकदम बसतो. या चेपण्याविरुद्धची ताकद भिंतीच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. जाडी निम्मी केली तर ताकद एक अष्टमांश उरते. उन्हात तापलेला किंवा किंचित लंबगोल झालेला पाइप त्याहूनही आधी दगा देतो. 12 मीटरला जाड भिंतीचा, आखूड तुकडा चालेल, पण छापील आकड्याच्या भरवशावर नव्हे.

ॲक्रिलिकची नळी पारदर्शक असते. आत पाण्याचा थेंब आला तर दिसतो, हा तिचा मोठा गुण. मात्र ती स्पिरिटने पुसली तर बारीक तडे जाऊ शकतात. ॲल्युमिनियम हलके, लेथवर सहज कातता येणारे आणि बॅटरीची उष्णता बाहेर सोडणारे. खाऱ्या पाण्यात मात्र स्टेनलेसच्या बोल्टशेजारी ते झपाट्याने झिजते. वैनगंगेच्या गोड्या पाण्यात ही भीती बरीच कमी. साधे लोखंड जड असते, पण ते वेल्डिंगवाल्याला कळते, आणि ज्या यंत्राला बुडायचेच आहे त्याला थोडे वजन लागतेच.

पुढचे गणित खोलीचे. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचे ‘मत्स्य’ यान अमेरिकेतील रोबोसब स्पर्धेत उतरते, तिथले पाणी मोजक्या मीटरांचे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘माया’ 200 मीटरांसाठी. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे, तीन माणसांना घेऊन जाणारे ‘मत्स्य 6000’ तर 6000 मीटरांसाठी, आणि त्यासाठी 80 मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोळा. नावे सारखी, पण विद्यार्थ्याने दुसऱ्या मत्स्याकडे पाहून टायटॅनियमची चौकशी करण्याचे कारण नव्हते.

खरा धोका मात्र पाणी आत येण्यापेक्षा वायू आत कोंडण्याचा आहे. शिसे-आम्लाची बॅटरी, म्हणजे आपली मोटारसायकल-ट्रॅक्टरची, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो 4 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. घट्ट बंद डब्यातच चार्जिंग केले तर तो डबा बॉम्ब होतो. म्हणून चार्ज करताना झाकण उघडायचे, हा नियम मी विद्यार्थ्याच्या वहीत स्वतः लिहिला. लिथियमची बॅटरी बिघडली तर तीही वेगाने वायू सोडते, म्हणून तिच्या डब्याला बाहेरच्या बाजूला उघडणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह हवा.

दाबाशी न झुंजण्याचाही एक मार्ग आहे. डब्यात हवा ठेवायचीच नाही, तेल भरायचे आणि एका मऊ पिशवीतून बाहेरचा दाब आत पोहोचू द्यायचा. आत-बाहेर दाब सारखा झाला की भिंत पातळ असली तरी चालते. खोल समुद्रातील यानांच्या बॅटऱ्या अशा ठेवतात. हे विद्यार्थ्याला सांगताना त्याचे वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, “सर, बोअरची मोटर अशीच ना! खाली सोडण्याआधी तिच्यात पाणी भरावं लागते.” अगदी बरोबर. बालाघाटच्या शेतकऱ्याला ‘सबमर्सिबल’ म्हणजे बोअरची मोटर, आणि तिच्या आत पाणीच असते. वेष्टित तारेची गुंडाळी त्या पाण्यातच बसते. हे तत्त्व आमच्या धानाच्या बांधावर आधीच पोहोचलेले होते, फक्त त्याला पाठ्यपुस्तकातले नाव नव्हते.

विद्यार्थ्याने शेवटी जाड पीव्हीसी, दोन्ही टोकांना लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची झाकणे आणि दुहेरी ओ-रिंग हे ठरवले. बॅटरी न ठेवता, आत रद्दीचा कागद आणि दगड घालून डबा दोरीने विहिरीत सोडला आणि रात्रभर तिथेच ठेवला. सकाळी कागदाचा एक कोपरा ओला निघाला. ओ-रिंगखाली कातकामाचा बारीक कीस अडकला होता. खाच पुसून, ग्रीस लावून दुसऱ्या रात्री पुन्हा सोडला, तेव्हा कागद कोरडा आला. गोषवाऱ्यात आम्ही ‘बॅटरीचा डबा’ असे लिहिले.