कोंबड्यांच्या सोबतीला बदकें

रत्नागिरीच्या परसांत कोंबडी कांहीं नवी नाहीं. माडाच्या आळ्यापाशीं उकरणारी आणि तिन्हीसांजा आपण होऊन खुराड्याकडे वळणारी गांवठी कोंबडी ही येथें घरचीच मानली जाते. बदकाचें तसें नाहीं. केरळांतील कुट्टनाडांत भाताची कापणी उरकल्यावर बदकांचे कळपच्या कळप रिकाम्या शेतांत सोडण्याची जुनी रीत आहे; आसामांत व बंगालांत तर तळें तेथें बदक हें ठरलेलेंच. कोंकणांतही पाऊस उदंड आणि भातशेतीही तशीच. तरी बदक येथें क्वचित् दृष्टीस पडतें. याचें एक कारण भूमींतच आहे. जांभा दगड सच्छिद्र. वर्षाकाठीं पडणारा सव्वाशे इंचांच्या आसपासचा पाऊस तो धरून ठेवीत नाहीं, आणि वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागतो.

तथापि बदकाला तळेंच हवें, हा समज खरा नव्हे. पोहल्यावांचून तें जगतें; डोकें बुडविल्यावांचून मात्र तें निरोगी राहत नाहीं. चिखलांत चोंच खुपसून खाण्याची त्याची संवय असल्यामुळें नाकपुड्या व डोळे वारंवार धुतले गेले पाहिजेत. मान बुडेल इतकें खोल घंगाळ किंवा जुनी दगडी डोणी चार-पांच बदकांस पुरते. तें पाणी घटकाभरांत गढूळ होतें व रोज बदलावें लागतें, ही गोष्ट खरी. पण विष्ठा मिसळलेलें तें पाणी केळीच्या नि पोफळीच्या आळ्यांत सोडलें कीं खताचें काम करतें. मोरीचें पाणी पाटानें झाडांकडे नेणाऱ्या कोंकणी गृहिणीला ही युक्ति कोणी शिकवावयास नको.

खरी अडचण निराळीच आहे. बदकाला जें प्रिय तेंच कोंबडीला घातक. ओल्या, उबदार जमिनींत रक्ती हगवणीच्या सूक्ष्म परजीवांची वाढ झपाट्यानें होते, आणि कोंबडीचीं कोंवळीं पिलें त्या रोगानें पटापट मरतात. म्हणून डोणी खुराड्यापासून चांगली लांब व उताराच्या बाजूस असावी. दिवसा दोन्ही जातींनीं एकाच परसांत खुशाल हिंडावें. कोंबडी कोरडा पाचोळा उकरील, बदक पावसाळ्यांतील गोगलगाई वेंचील, आणि भाजीचा वाफा दोघांपासूनही राखावा लागेल! रात्रीं मात्र बिऱ्हाडें वेगळीं हवींत. कोंबडी दांडीवर बसते, बदक भुईवर. एकाच खुराड्यांत कोंबडींची घाण बदकांच्या अंगावर पडते, आणि बदकांच्या ओलीनें कोंबड्यांची कोरडी बैठक नासते. तट्ट्याची आडभिंत घातली तरी भागतें. मात्र बाहेरची जाळी बारीक व मजबूत पाहिजे, कारण उडूं न शकणारें बदक मुंगुसाच्या किंवा रानमांजराच्या तावडींत सहज सांपडतें.

सकाळीं बदकांस सोडण्याची घाई करूं नये. तीं बहुधा पहांटेपासून नऊ वाजेपर्यंत अंडीं घालतात, आणि एकच जागा धरतील असा नेम नाहीं. लवकर सोडल्यास अंडें कुंपणांत पडतें व कावळ्याचें होतें. गांवठी कोंबडीच्या अंड्याहून बदकाचें अंडें बरेंच मोठें, बलकही जास्त. तें पूर्ण शिजवूनच खावें, कच्चें वा अर्धवट उकडलेलें खाऊं नये.

अन्नाच्या बाबतींत मात्र थोडक्यांत उरकून चालणार नाहीं. कोंबडीच्या पिलास जें पुरतें तें बदकाच्या पिलास पुरत नाहीं. नायसिन नांवाचें जें जीवनसत्त्व आहे, तें बदकाच्या पिलास जवळजवळ दुप्पट लागतें. सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत तें थोडेंच असतें. नुसत्या कण्यांवर वाढविलेल्या पिलांचे पाय वांकतात व तीं बसल्या जागीं राहतात. ताजा कोंडा, यीस्टची पूड आणि थोडी मासळी यांनीं ही उणीव भरून निघते. मिरकरवाड्याच्या बंदरामुळें रत्नागिरीस मासळीची वाण नाहीं. पण खारवलेली सुकी मासळी पक्ष्यांस घालूं नये, तींतील मीठ विषासारखें बाधतें.

त्याहून मोठें भय पेंडीचें. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखावर टर्की पक्षी अल्पावधींत मेले. शोध करतां असें आढळलें कीं त्यांच्या खाद्यांतील, ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड बुरशीनें दूषित झाली होती. बदकांचीं पिलेंही त्या विषास बळी पडलीं. त्या विषाला पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. आणि बदकाचें पिलूं त्याला इतकें हळवें ठरलें कीं विषाची परीक्षा पाहण्यास प्रयोगशाळांतून त्याचाच उपयोग करीत. कोंकणच्या आषाढांत कोठींतील पेंडीला व मक्याला बुरसा येण्यास किती दिवस लागतात, हें ज्याचें त्यानें आठवावें. उन्हांत वाळविल्यानें बुरसा दिसेनासा होतो, पण विष जात नाहीं. शिजवूनही जात नाहीं. अशी पेंड ‘निदान गाईला तरी’ घालावी हा विचारही चुकीचा, कारण तें विष दुधांत उतरतें.

नर बदक एकटा ठेवूं नये. त्याच्यासोबत चार-पांच माद्या असाव्या. नाहीं तर तो कोंबड्यांच्या पाठीं लागतो व त्यांस गंभीर इजा करतो.

रोगांविषयीं एवढेंच सांगणें आवश्यक कीं बदक पुष्कळदां स्वतः न मरतां रोग वाहतें. मानमोडीसारखा जो रोग कुमाऊंतील राणीखेत या गांवाच्या नांवानें आपल्याकडे ओळखला जातो, त्याचे विषाणु धडधाकट दिसणाऱ्या बदकांतही असूं शकतात. म्हणून बदकें आणण्यापूर्वीं कोंबड्यांस ती लस टोंचलेली असावी, आणि नवे पक्षी तीन-चार आठवडे निराळे ठेवावे. बदकांच्या प्लेगची लस वेगळी; तो रोग कोंबड्यांस होत नाहीं. बर्ड फ्ल्यू भारतांत प्रथम आढळला तो २००६ च्या फेब्रुवारींत, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास. आणि जानेवारी २०२१ मध्यें दापोलीच्या मृत कावळ्यांतही तो निघाला. परसांत पक्षी एकाएकीं मरूं लागल्यास मेलेल्यास हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

पिलें विकत आणण्यापेक्षां खुडूक गांवठी कोंबडीखालीं बदकाचीं अंडीं ठेवणें सोपें. कोंबडीचीं अंडीं एकवीस दिवसांत फुटतात, बदकाचीं अठ्ठावीस दिवस घेतात. तेवढा अधिक आठवडा कोंबडीला दाणापाणी जवळ द्यावें. बदकाची मादी ओल्या पिसांनीं अंड्यांवर परतते, कोंबडी कोरडी. म्हणून शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिंतोडा द्यावा. आणि कोंबडीनें उबविलेल्या पिलांस पहिले कांहीं आठवडे उथळ ताटलींतच पाणी ठेवावें. मादीच्या पिसांचें तेल अंगाला न लागल्यामुळें तीं लवकर भिजतात व गारठतात. पुढें डोणीकडे सोडलीं तरी आंत दोन विटा ठेवाव्या, म्हणजे त्यांस चढून बाहेर येतां येतें.