हिवाळ्यातील व्हेनिस

इटलीतील व्हेनिस हे शहर शंभराहून अधिक लहान बेटांवर वसले आहे. उन्हाळ्यात त्याच्या अरुंद गल्ल्या पर्यटकांनी इतक्या फुलून जातात, की स्थानिक माणूस शोधावा लागतो. १९५१ मध्ये या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली आली.

नाताळचे दिवस वगळता नोव्हेंबर ते जानेवारी या काळात गर्दी ओसरते व निवासाचे दरही उतरतात. हवा गारठलेली असते, धुके दाटते आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. भरतीचे पाणी सखल चौकात कधीकधी शिरते. परंतु याच दिवसांत रिआल्टोच्या बाजारात मासळी निवडणारे रहिवासी आणि शाळेतून परतणारी मुले सहज नजरेस पडतात. थोडी गैरसोय सोसणाऱ्या प्रवाशाला तेव्हा केवळ प्रेक्षणीय स्थळ नव्हे, तर नांदते गाव भेटते.