गाठ दिसली म्हणून घाबरू नका, पण थांबूही नका!

‘लिव्हरवर गाठ दिसतेय,’ एवढं ऐकलं की आमच्या पाटण भागात घरात रडारडच सुरू होते. त्यात आधीचा सिरॉसिस असेल तर बघायलाच नको! पुढच्या तपासणीसाठी कराडला जायचं म्हणजे दिवस मोडतो, पैसेही लागतात. मग ‘राहू दे’ म्हणतात.

मैत्रिणींनो, सिरॉसिसमध्ये खराब झालेलं लिव्हर स्वतःला सावरताना लहान-लहान गाठी धरतं. त्यातल्या बऱ्याचशा साध्या असतात. पण साधी कोणती नि कॅन्सरची कोणती, हे सोनोग्राफीत नेहमी कळतंच असं नाही. म्हणून शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. कॅन्सरची गाठ बहुधा आधी चटकन उजळते नि मग आजूबाजूपेक्षा काळपट पडते. रक्तवाहिन्यांची साधी गाठ, म्हणजे हिमॅन्जिओमा, बहुतेकदा कडेकडून हळूहळू भरत जाते. त्यामुळे पुष्कळदा सुई घालून तुकडा काढावा लागत नाही.

गाठ साधी निघाली तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच. कारण सिरॉसिसमध्ये कॅन्सरचा धोका राहतोच. आणि हा आजार फक्त दारूनेच होतो असं नाही. कावीळ बी, कावीळ सी, फॅटी लिव्हरमुळे बायकांनाही होतो. नवऱ्याची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितो, तशी स्वतःचीही लिहायला नको का?