परक्या गावातली मावशी

विठ्ठलवाडीहून लोकल निघाली की पुढचं स्टेशन कल्याण. अंतर इतकं थोडं, की बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ होते. त्या कल्याणची एक मुलगी १८८३ साली शिकण्यासाठी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला उतरली. आनंदीबाई जोशी. वय अठरा.

पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून त्यांचं नाव आपण सगळेच घेतो. शाळेच्या पुस्तकात धडा असतो, २०१९ मध्ये सिनेमाही आला. पण आज मला त्यांच्याकडे डॉक्टर म्हणून नाही, परदेशी विद्यार्थिनी म्हणून पाहायचं आहे. कारण आता आपल्या गल्लीबोळांतली मुलंही जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला, तैवानला शिकायला निघाली आहेत. फी किती, व्हिसा कधी, बँकेचं कर्ज कसं, याची चौकशी घरोघरी होते. पण परक्या देशात शिकणं म्हणजे रोज काय करावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बायकोने शिकलंच पाहिजे या हट्टाचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकायचं, हे तेव्हा मनात पक्कं झालं. जाण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण करून आपण का जातो आहोत ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितलं. म्हणजे इंग्रजी येत होतं, निश्चय होता. तरीही तिथे गेल्यावर अडचण आली ती रोजच्या साध्यासाध्या गोष्टींची.

पहिली गोष्ट कपड्यांची. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात. इथे त्यात कुणाला काही वाटत नव्हतं, पण तिथल्या बायका घोट्यापर्यंत झाकलेल्या. शिवाय थंडी. शेवटी त्या पाय झाकणारी, गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. गोष्ट एवढीशी. पण नवऱ्याला पत्र लिहून ती समजावून सांगावी लागली. पत्र बोटीने जायचं, उत्तर यायला महिने लागायचे. आज मुलं व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवतात, तरी आईचा पहिला प्रश्न तोच असतो : हे काय घातलंयस?

दुसरी गोष्ट जेवणाची. त्या शाकाहारी होत्या आणि राहिल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत, जिथे सगळं स्वयंपाकघर मांसावर चाललेलं, तिथे भाजी-भातावर राहून वैद्यकाचा अभ्यास करायचा होता. खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की धूर, न पेटवली की गारठा. तब्येत ढासळत गेली. पुढे क्षयाने गाठलं.

मग त्या टिकल्या कशाच्या जोरावर? मला उत्तर दिसतं ते दोन बायकांत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी गोपाळरावांचं एका मिशनरी मासिकात छापलेलं पत्र वाचलं आणि ओळखदेख नसताना आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. कॉलेज सुरू होण्याआधी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत. दुसऱ्या रेचल बॉडली, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन. १८५० मध्ये निघालेल्या त्या कॉलेजने परदेशी मुलींना दार उघडलं होतं. १८८५ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे : साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातल्या सबात इस्लांबुली. तिघी एकाच कॉलेजच्या, तिघी आपापल्या कपड्यांत. तिथे शिकायचं म्हणून आपलं रूप टाकून द्यावं लागलं नाही, हे तो फोटो सांगतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली. पण त्या परतल्या त्याच खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांचा दगड आहे. परक्या गावात जोडलेलं नातं असं शेवटपर्यंत टिकलं.

आता उलट बाजू पाहू. आपल्याकडे शिकायला येणाऱ्या परक्या मुलाचं काय होतं? पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देते, असं त्यांच्या नजरेला आलं. चौकशी केली तेव्हा कळलं, मुलगा मॉरिशसचा, काविळीने आजारी. मुलगी त्याची बहीण. मुलींना आत यायला मनाई, म्हणून ती खिडकीतून जेवण देत होती. या प्रसंगाने मुजुमदार अस्वस्थ झाले. परदेशी विद्यार्थ्यांना आपलं वाटेल अशी जागा हवी, या विचारातून १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ सुरू झाली. आज ती मोठी शिक्षणसंस्था आहे, पण तिच्या मुळाशी एक आजारी मुलगा आणि एक डबा आहे.

फिलाडेल्फियातली शेगडी आणि पुण्यातली खिडकी, या दोन गोष्टी एकच सांगतात. परका विद्यार्थी वर्गात सहसा हरत नाही. तो हरतो खोलीत, आजारपणात, सणाच्या दिवशी.

आम्ही उल्हासनगरवाल्यांनी तरी हे विसरू नये. कॅम्प हा शब्दच लष्कराच्या छावणीचा. महायुद्धातल्या त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहिली आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प चारमध्ये मी घरात एक बोली बोललो, शेजारी सिंधी ऐकली आणि कविता मराठीत लिहिली. परकी भाषा आपली व्हायला व्याकरणापेक्षा शेजारी जास्त लागतो, हा माझा अनुभव आहे.

तेव्हा मुलाला परदेशी पाठवताना बॅगेत लोणच्याची बरणी जरूर द्या. पण दोन-चार पदार्थ रांधायलाही शिकवा, आणि आजारी पडलास तर लपवू नकोस, हेही बजावून सांगा. आणि आपल्या इमारतीत बाहेरगावचा, बाहेरदेशचा, वेगळ्या नावाचा विद्यार्थी खोली मागायला आला, तर भाडं सांगण्याआधी त्याचं नाव नीट उच्चारायला शिका. पहिल्या आठवड्यात एकदा जेवायला बोलवा. कार्पेंटरबाईंनी याहून वेगळं काय केलं होतं?